मोंढ्याच्या पट्टीवर नाव जोडताना: पीएचपी, रुबी की पायथन?

अडत्याची हिशेबपट्टी छापणं तसं सोपं काम. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि माल एका ओळीत जोडायचे. पण परभणीतल्या मित्राकडं नावं मोबाइलवरून येतात, गावांची यादी एक्सेलमधून निघते आणि जुनी खाती मुनिमानं कधीकाळी जुन्या फॉन्टात टाइप केलेली. ‘नवा प्रोग्रॅम पीएचपी, रुबी की पायथन, यांतल्या कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहू?’ असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, जोडणी कोण सोपी करतं ते बघू नको, चुकलं की कोण अडवतं ते बघ.

यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘बीड’मध्ये ब, वेलांटी आणि ड मिळून ९ बाइट.

पीएचपीला यातलं काही दिसत नाही. तिची स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, नुसते बाइटच. साधी लांबी विचारली तर ‘बीड’चं उत्तर ९ येतं, ३ हवे असतील तर चिन्हं मोजणारं एमबी-वालं फंक्शन वापरा. जोडणीचं टिंब दिलं की काहीही कशालाही जुळतं. तुकडे वेगवेगळ्या एन्कोडिंगचे असतील तर बोंब नंतर उठते: त्याच ओळीचं जेसन (डेटा पाठवायचा एक साचा) करायला गेलं की हातात ‘फॉल्स’, म्हणजे ‘जमलं नाही’, येतं, आणि आपण भलत्याच फाइलीत चूक शोधत बसतो. युनिकोडवर (सगळ्या लिपींच्या चिन्हांची एकच यादी) बेतलेली पीएचपीची सहावी आवृत्ती २०१० मध्ये सोडून दिली गेली, ती गेलीच.

रुबीत १.९ पासून प्रत्येक स्ट्रिंग आपलं एन्कोडिंग सोबत बाळगते. न जुळणारे दोन मराठी तुकडे जोडले की ती थांबते. मेख अशी, की एक बाजू निव्वळ रोमन अक्षरं-आकड्यांची असेल तर ती मुकाट्यानं जोडते. म्हणजे चाचणी रोमन नावावर पास, आणि सोयाबीनची आवक ऐन भरात असताना पहिलं मराठी नाव आलं की प्रोग्रॅम आडवा. पायथन २ ची खोडही साधारण हीच होती.

२००८ च्या पायथन ३ नं ती मोडली. मजकूर वेगळा, बाइट वेगळे; दोन्ही जोडले की टाइप-एरर (प्रकार जुळत नसल्याची चूक), मग आत फक्त ‘१०’ असले तरी. सुरुवातीला जाच वाटतो, पण चूक पहिल्याच दिवशी सापडते. फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः सांगा. विंडोजवर ते गृहीत धरू नका. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून काढलेल्या सीएसव्हीला (रकान्यांची साधी मजकूर-फाइल) ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग द्या, नाहीतर सुरुवातीचा अदृश्य बीओएम (एन्कोडिंगची खूण) पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतो. आणि फाइल तुकड्यातुकड्यानं वाचत असाल तर आधी बाइट जोडा, मग मजकूर करा. तुकड्याच्या कडेला अक्षर मधोमध कापलेलं असू शकतं.

मुनिमाच्या खात्यांपुढं मात्र तिघंही आंधळे. जुन्या फॉन्टातलं ‘नांदेड’ संगणकाला रोमन अक्षरं आणि खुणाच वाटतं. एन्कोडिंग बरोबर, मजकूर चुकीचा. मग एरर कुठून येणार? तिथं आधी कन्व्हर्टरच.

‘ऱ’चंही तसंच. तो एकसंध येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता असा जोडीनं. दिसायला एकच, पण ‘गोऱ्हे’ शोधलं तर अर्धी खाती सापडत नाहीत. यावरचं नॉर्मलायझेशन (दोन्ही रूपं एकसारखी करणं) पायथन आणि रुबीत सोबतच मिळतं, पीएचपीत त्यासाठी इंटल एक्स्टेन्शन (वेगळा जोडभाग) लागतं. स्वस्त होस्टिंग घेताना ते चालू आहे का, एवढं विचारून घ्या.

सगळा डेटा आधीच यूटीएफ-८ असेल तर चालू पीएचपी मोडून नवं लिहायची गरज नाही. मित्रानं पट्टीचं पान तसंच ठेवलंय. एक्सेल आणि मुनिमाची खाती तेवढी आधी पायथनमधून जातात.