नोट खरी, अक्षरे खोटी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी दोन रुपयांची एक जुनी नोट साडेचौदा हजार रुपयांना विकत घेतली आणि फसलो. रक्कम ऐकून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावे. पोलीस ठाण्यातील हवालदारांनाही ते आवरले नव्हते. मात्र जुन्या नोटा जमवणाऱ्यांपैकी आणखी कोणावर हीच वेळ येऊ नये म्हणून घडलेला प्रकार तपशिलासह लिहीत आहे. विकणाऱ्याचे नाव देत नाही, कारण त्याने मला उपयोगी पडेल असे लेखी काहीच दिलेले नाही. माझ्यापाशी जो काही पुरावा आहे तो त्या नोटेच्या कागदावरच आहे.

आमच्या नाशिकरोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले की कोणती, असे कोणी विचारत नाही. भारताच्या नोटा येथे १९२८ पासून छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या इंग्लंडहून छापून येत असत. माझे वडील १९४६ साली प्रेसमध्ये लागले, मोजणीच्या खात्यात होते आणि तेथूनच निवृत्त झाले. घरी ते कामाविषयी फारसे बोलत नसत, पण एक गोष्ट मात्र पाहुण्यारावळ्यांना हमखास सांगत: फाळणी झाली, देश वेगळे झाले, तरी पाकिस्तानच्या पहिल्या नोटा आम्हीच छापून दिल्या. ते ऐकतच आम्ही भावंडे मोठी झालो. ही गोष्ट अक्षरशः खरी आहे आणि माझ्या फसवणुकीचे मूळही तिच्यातच आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तान अस्तित्वात आला तेव्हा त्याच्यापाशी स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि स्वतःच्या नोटाही नव्हत्या. त्यामुळे काही काळ आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचे चलन सांभाळील, अशी व्यवस्था ठरली. पहिले काही महिने तेथे भारताच्या साध्या नोटाच चालल्या आणि १ एप्रिल १९४८ पासून खास पाकिस्तानसाठी छापलेल्या नोटा व्यवहारात आल्या. या नोटा म्हणजे सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या आपल्याच नोटा होत्या. फरक एवढाच, की दर्शनी बाजूस जलचिन्हाच्या मोकळ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरे होती. एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपये अशा पाच किमतींत त्या निघाल्या आणि भारतात त्या वटवता येत नसत. १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली आणि त्याच वर्षी त्या देशाच्या स्वतंत्र नोटाही आल्या, त्यामुळे या मधल्या नोटांचा जन्मच अल्पायुषी ठरला. संग्राहकांत त्यांना भाव आहे तो या कारणाने.

मराठी माणसाला त्यांचे आणखी एक अप्रूप आहे. एक रुपयाची नोट सरकारची असल्याने तिच्यावर अर्थसचिव जोन्स यांची सही आहे, पण दोन रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आणि पुढे १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या या माणसाची सही पाकिस्तानच्या नोटेवर असावी, याची मला फार गंमत वाटत आली आहे. माझा संग्रह मोठा नाही. देशमुखांच्या सहीच्या नोटा, एवढाच त्याचा विषय. त्यात पाकिस्तानची अक्षरे असलेली नोट नव्हती आणि ही उणीव मी संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर वडिलांच्या आठवणीसह, चांगली लांबलचक लिहून जाहीर केली होती. आता वाटते, दुकानात शिरण्यापूर्वीच मी खिशातले पाकीट उघडून दाखवले होते.

तीन आठवड्यांनी प्रदर्शनांतून नेहमी दिसणाऱ्या एका विक्रेत्याचा फोन आला. त्याने ‘काका’ म्हणून सुरुवात केली, वडिलांविषयी आदराने विचारले आणि मग सांगितले की उल्हासनगरच्या एका सिंधी कुटुंबाकडून त्याच्याकडे दोन रुपयांची नोट आली आहे. त्या कुटुंबातील आजोबा डिसेंबर १९४७ मध्ये कराचीहून बोटीने मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या कोटाच्या अस्तरात ती राहून गेली होती म्हणे. ही नोट एखाद्या व्यापाऱ्याला देण्यापेक्षा प्रेसमधल्या माणसाच्या घरी जावी, असे त्याला वाटत होते. वरील परिच्छेदातील तारखा वाचणाऱ्याच्या लक्षात येथेच सारे आले असेल. जी नोट एप्रिल १९४८ मध्ये जन्माला आली ती डिसेंबर १९४७ मध्ये कोणाच्या अस्तरात कशी असेल? ती तारीख मला पाठ होती. तरीही फोनवर मी गहिवरून ऐकत राहिलो आणि दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचले नाही.

मी तपासणी केली नाही, असे मात्र कोणी समजू नये. उलट माझा थोडा तोराच होता. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, त्यासाठी आधी कमिशन आणि कर भरा, अशा जाहिरातींना लोक बळी पडतात, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेले पत्रक मीच नातेवाइकांना पाठवत असे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलेही शुल्क मागत नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. असे पत्रक वाटणारा माणूस स्वतः फसणाऱ्यांतला नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

तर नोट हातात आल्यावर मी ती उजेडासमोर धरली. जलचिन्हात राजाचे शीर होते. देशमुखांची सही माझ्याकडील नोटांशी ताडून पाहिली, जुळली. अतिनील बॅटरीच्या प्रकाशात कागद चमकला नाही, म्हणजे नोट साबणाच्या पुडीत धुऊन नवी केलेली नव्हती. मधोमध उभी घडी, मोकळ्या जागेत एक अस्पष्ट तपकिरी डाग आणि पुडक्याला टोचलेल्या टाचणीची दोन भोके, हे सगळे त्या काळच्या वापरलेल्या नोटेस शोभेल असेच होते. मी निर्धास्त झालो. निम्मे पैसे यूपीआयने आणि निम्मे रोख दिले. त्याने जी पावती दिली तिच्यावर ‘जुनी नोट, १ नग’ एवढेच शब्द होते, पाकिस्तानचा उल्लेखही नव्हता, आणि मला तेही खटकले नाही.

मी जे जे तपासले ते सर्व खरेच होते, कारण नोट खरीच होती. देशमुखांच्या सहीची ही दोन रुपयांची साधी नोट दुर्मीळ नाही. माझ्याकडे आधीपासून असलेली मी बाराशे रुपयांना घेतली होती. अशा अस्सल नोटेवर कोणीतरी अलीकडे दोन ओळी छापल्या होत्या. कागद, जलचिन्ह, सही, क्रमांक यांची परीक्षा घेणारा माणूस या ओळींपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचला तरी त्या ओळींविषयी त्याच्या मनात आधीच एक चुकीची कल्पना असते. ती कल्पना एका शब्दाने घातलेली आहे. संग्राहकांत या नोटांना सर्रास ‘ओव्हरप्रिंट’ म्हणतात. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर चित्र होते ते असे की, भारताच्या तयार नोटांचे गठ्ठे आणले, त्यांच्यावर यंत्राने एक ओळ वर आणि एक खाली ठोकली आणि झाल्या पाकिस्तानच्या नोटा. मग ती अक्षरे बाकीच्या छपाईहून थोडी निराळी, जरा वर बसल्यासारखी दिसली तर त्यात नवल वाटण्याचे कारणच राहत नाही. प्रत्यक्षात प्रेसमध्ये तसे झालेले नाही. ही अक्षरे छपाईच्या पत्र्यांवरच कोरून घेतली होती. म्हणजे ती नोटेच्या नक्षीचाच भाग होती, नंतर मारलेला शिक्का नव्हे. ज्यांचे वडील त्याच इमारतीत पस्तीस वर्षे नोकरी करत होते त्या मला हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, चौदा हजार पाचशे रुपये गेल्यावर कळले.

कळले ते पुण्यातील एका ज्येष्ठ संग्राहकांमुळे. जानेवारीत मी मोठ्या कौतुकाने नोट त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती पाकिटातून काढली, दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी मला टाचणीच्या भोकाकडे पाहायला सांगितले. पुडके टोचले जाते ते नोट छापून, मोजून झाल्यावर. तेव्हा अक्षरावर भोक पडले असेल तर तेथील शाई कागदासकट तुटलेली दिसली पाहिजे. माझ्या नोटेवर ‘पाकिस्तान’ या शब्दातील एका अक्षराची शाई भोकाच्या आतल्या कडेवर उतरली होती आणि मागच्या बाजूस भोकाभोवती केसाएवढे काळे वलय उमटले होते. म्हणजे भोक आधी आणि अक्षर नंतर. तपकिरी डागाची तीच कथा: तो अक्षरांवर पडलेला नव्हता, अक्षरे त्याच्यावर बसली होती. घडी मोकळ्या जागेतून जात नव्हती, पण एक बारीक सुरकुती उर्दू ओळीखालून गेली होती. नोटेवरची बाकीची छपाई अशा सुरकुत्यांच्या माथ्यावर झिजून पांढरी पडली होती आणि उर्दू अक्षरे मात्र सुरकुतीच्या खाचेतही ताजी, अखंड भरलेली होती. राजाच्या चित्राने सत्तरहून अधिक वर्षे हाताळणी सोसली आणि त्याच्याच शेजारच्या अक्षरांनी काहीच सोसले नाही, असे कसे होईल, एवढेच त्यांनी विचारले.

घरी आल्यावर मी ते काम केले जे घेण्यापूर्वी करायला हवे होते. प्रत्येक नोटेचा क्रमांक वेगळा असतो, आणि आजकाल विक्रीसाठी आलेल्या नोटांची छायाचित्रे सगळीकडे पडलेली असतात. आमच्याच गटावरील जुनी छायाचित्रे मी मागे मागे पाहत गेलो. दुसऱ्या रात्री, चौदा महिन्यांपूर्वीच्या एका लॉटमध्ये ती सापडली: क्रमांकाआधीची तीच अक्षरमाला, तोच क्रमांक, तीच दोन भोके, तोच डाग, आणि मोकळी जागा संपूर्ण मोकळी. पाच नोटांचा तो लॉट कोणी घेतला होता हे विकणाऱ्या सद्गृहस्थांना आठवत नव्हते. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने प्रथम मलाच समजावले, मग आपणही फसल्याचे सांगितले आणि शेवटी पावती वाचून दाखवली. ‘जुनी नोट’ म्हणून लिहिले होते, जुनी नोट दिली आहे. पाकिस्तानची म्हणून कोठे लिहिले आहे? रागाच्या भरात मी त्याची सगळी गोष्ट उलटी करून त्याच्यासमोर मांडली. बोटीची तारीख, नोटांची तारीख, भोकातली शाई, सारे काही. तो शांतपणे ऐकत राहिला. पैसे परत करण्याविषयी तो ‘बघू’ म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याने माझा फोन उचलला नाही.

पोलीस ठाण्यात मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देण्यास गेलो. तेथील मंडळी वाईट वागली नाहीत, पण दोन रुपयांच्या नोटेला साडेचौदा हजार का दिले, हा प्रश्न मला तिघांनी तीन वेळा विचारला. यूपीआयने दिलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करता आली असती, पण तेथे लवकर कळवण्याला महत्त्व असते आणि माझ्या हातून तीन महिने निघून गेले होते. बोलण्यात काय ठरले होते याला साक्षीदार नाही, पावतीवर वर्णन नाही आणि व्हॉट्सॲपवर त्याने एकदाही ‘ओव्हरप्रिंट’ हा शब्द लिहिला नव्हता. तो फक्त ‘ती नोट’ असे लिहीत असे. हे संदेश पुन्हा वाचताना त्याची सावधगिरी पाहून मी थक्क झालो. नोटेचे वर्णन, किंमत, अक्षरमाला व क्रमांक, आणि खोटी निघाल्यास पैसे परत देण्याची मुदत एवढे पावतीवर लिहून मागितले असते तर तो बहुधा तेव्हाच मागे फिरला असता. तक्रार अर्ज घेतला गेला आहे. पुढे काही झालेले नाही.

नोट मी जपून ठेवली आहे, पण देशमुखांच्या पानावर नाही. तिच्या पाकिटावर मी ‘अक्षरे खोटी’ असे ठळक लिहिले आहे, कारण माझ्यानंतर मुले संग्रह विकतील तेव्हा ती पुन्हा बाजारात जायला नको.

मागच्या पंधरवड्यात दुसऱ्या एका गटावरून एका मित्राने मला एक संदेश पुढे पाठवला. त्याच विक्रेत्याकडे आता दहा रुपयांची नोट आली आहे. उल्हासनगरचेच कुटुंब, कराचीची बोट, कोटाचे अस्तर. आजोबा मात्र या वेळी मे १९४८ मध्ये आले आहेत.