सोलापुरात पहिल्या बाळंतपणासाठी डुला: पैसे कशाचे द्यावेत

डुला म्हणजे सुईण नव्हे, नर्स नव्हे आणि बाळंतपणानंतर तेल लावायला येणारी मालिशवाली बाईही नव्हे. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, गोळी-इंजेक्शनाला हात लावत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीला लागेपर्यंत मुलीजवळून हलायचं नाही, हे तिचं काम. पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तासही चालतात. तेवढ्यात सिस्टरची पाळी बदलते, डॉक्टर तपासून दुसऱ्या पेशंटकडे जातात. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) 26 चाचण्यांमधल्या 15 हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा सतत कुणी जवळ असलेल्या बायकांत सिझेरियन कमी झाली, वेदनाशामक कमी लागलं आणि कळांचा काळ सरासरी 40 मिनिटांनी घटला. सिझेरियन टळण्याचा फायदा सगळ्यात ठळक दिसला तो सोबतीण दवाखान्याची नसताना आणि घरचीही नसताना. त्यामुळे ही सेवा म्हणजे श्रीमंतांची चैन, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

पण पहिला प्रश्न डुलाला नाही, दवाखान्याला विचारायचा: लेबर रूममध्ये कुणाला सोडणार? केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी प्रसूतीच्या सोबतिणीच्या सूचना काढल्या. ती बाई नात्यातली आणि शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, पूर्ण वेळ थांबावं आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये. म्हणजे सिव्हिलला जाणार असाल तर जागा एकीचीच, आणि तीही घरच्या बाईची धरून चाला; तिच्याऐवजी डुलाला सोडतील का, हे आधी विचारा. छोट्या नर्सिंग होममध्ये एकाच खोलीत दोन टेबलं आणि मध्ये पडदा असेल, तर पलीकडच्या बाईचाही विचार करावा लागतो. डॉक्टर हो म्हणाले तर आठव्या महिन्यातच फाइलवर डुलाच्या नावासह लिहून घ्या. तोंडी परवानगी रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरला माहीत नसते, आणि डुला बाहेरच्या बाकावर बसून राहते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नवरा पुण्यात, म्हणून डुलाही पुण्याची ठरते आणि ऐनवेळी ती अडीचशे किलोमीटर लांब असते. व्हिडिओ कॉलवर आधीची शिकवणी चांगली होते, पण कॉलवरून कंबर दाबता येत नाही. स्थानिक डुला मिळत नसेल तर पुण्याच्या डुलाकडून फक्त शिकवणी घ्या आणि त्या शिकवणीला माहेरच्या आईला नाहीतर मावशीला शेजारी बसवा. आमच्या मते सोलापुरात आज पैशाचं खरं मोल यातच आहे.

डुला मुरलेली आहे की नुसती गोड बोलते, हे तिच्या हातांवरून कळतं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळ पोटापेक्षा कमरेत जास्त येते. तेव्हा कमरेखालच्या सपाट त्रिकोणी हाडावर तळहाताच्या टाचेने, कळ चढल्यापासून उतरेपर्यंत एकसारखा दाब द्यायचा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. किंवा मुलीला खुर्चीच्या पाठीवर ओणवं करून दोन्ही कुल्ल्यांवर तळहात ठेवायचे आणि आत-वर दाबायचं. तासन् तास हे एकटीला झेपत नाही, म्हणून घरच्या बाईला हे न शिकवणारी डुला अर्धंच काम करते. शेकायला आपला जाड टर्किश टॉवेल उत्तम. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, स्वतःच्या मनगटाला लावून पाहायचा आणि मगच मुलीच्या कमरेवर ठेवायचा. एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीच्या कण्यात दिलेलं बधिर करणारं औषध) दिलं असेल तर शेक नको, बधिर कातडीला चटका कळत नाही.

कळांमध्ये बसायला जो हवेचा मोठा बॉल वापरतात, तो सर्रास 65 सेंटीमीटरचा आणतात. पाच फुटांच्या आसपासच्या मुलीचे तळवे त्यावरून नीट टेकत नाहीत, तिला 55 चा घ्यावा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली यायला हवेत. खाली चादर अंथरू नका, फरशीवर घसरते. रबरी मॅट हवी.

दर दोन तासांनी लघवीला नेणं ही साधी गोष्ट, पण हीच सगळ्यात जास्त विसरली जाते. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली उतरू देत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेलेला असतो, तेव्हा दोन कळांमधल्या उसंतीत ताक, लिंबू सरबत किंवा पातळ आंबील घोट-घोट द्यावी. डॉक्टरांनी तोंडाने काही देऊ नका म्हटलं असेल तर मात्र तेच पाळायचं.

भाषाही बघा. पूर्व भागातल्या तेलुगू घरातली किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी मुलगी ऐन कळेत मराठी सूचना ऐकत नाही.

कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या आणि तासभर सलग आल्या की निघावं, हा शहरात राहणारीचा हिशेब. मोहोळ, अक्कलकोटहून येणाऱ्यांनी प्रवासाचा वेळ धरून आधीच निघायचं. पाणी गेलं की लगेच डॉक्टरांना फोन करायचा. पाणी हिरवट असलं, ताजं रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा मोजत बसायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा, गाडी नसेल तर 108. अशा वेळी ‘अजून थांबू या’ म्हणणाऱ्या डुलाला पहिल्या भेटीतच नकार द्या. ‘सिझेरियन होऊच देणार नाही’ अशी हमी देणारीलाही. डॉक्टरांशी भांडणं तिचं काम नाही. ‘हे इंजेक्शन कशासाठी, थोडं थांबलं तर चालेल का’ हे मुलीला स्वतः विचारता यावं, इतपत धीर तिने द्यावा.

डुलांसाठी नर्सिंग कौन्सिलसारखी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे सगळं कागदावर घ्या. 38 ते 42 आठवडे ती फोनवर हजर राहणार का? ती दुसरीकडे अडकली तर बदली कोण, आणि त्या बदलीला आधी भेटता येईल का? आधीच सिझेरियन ठरलं तर किती पैसे परत? नंतरच्या भेटीची तारीखही लिहून घ्या. दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतं, छाती दगडासारखी होते आणि बाळाला नीट पकडता येत नाही. बऱ्याचदा तोवर मुलगी घरी आलेली असते आणि विचारायला सिस्टर जवळ नसते. दहाव्या दिवसाची भेट उशिराची ठरते, चौथ्या दिवसाची मागा.