बीजिंगचा फ्री फूट मसाज आणि बाबांचं औषध

कोणाचे आईबाबा चायना टूरला जाणार असतील तर प्लीज वाचा. २०१८ मध्ये आम्ही ग्रुप टूरने बीजिंगला गेलो होतो, ग्रेट वॉल बघून परत येताना गाईड म्हणाला पाय दुखत असतील ना सगळ्यांचे, इथे एका सरकारी मेडिसिन सेंटरमध्ये फूट मसाज फ्री आहे. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, लाकडी बादलीतल्या काळपट गरम पाण्यात पाय सोडले आणि तेवढ्यात पांढरा कोट घातलेले एक 'प्रोफेसर' आले, सोबत इंग्लिश बोलणारी मुलगी. आता ओल्या पायांनी उठून जाणार कुठे?

नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली, दोन मिनिटं पण झाली नसतील आणि ती मुलगी म्हणते ब्रेनला ब्लड सप्लाय कमी पडतोय, चक्कर येते का? ६८ वर्षांचा माणूस दिवसभर पायऱ्या चढून आलाय, येणारच ना. बाबा हो म्हणाले. मग सहा महिन्यात पॅरालिसिस होऊ शकतो म्हटल्यावर आईचा चेहराच उतरला, "अहो, पैशाकडे बघू नका, घेऊन टाका." मी शेजारच्या खुर्चीत होतो आणि गप्प बसलो, त्याचं अजून वाईट वाटतं.

तीन महिन्यांचा कोर्स ४८०० युआन, घासाघीस करून २४०० ला दिला, म्हणजे तेव्हाचे साधारण २४ हजार रुपये. बसमध्ये बसल्यावर कळलं, जवळजवळ सगळ्यांनाच काही ना काही निघालं होतं, कोणाचं लिव्हर तर कोणाची किडनी.

बाबांचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललेला आहे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिनची गोळी चालू असते. हे त्या इंग्लिश बोलणाऱ्या मुलीला सांगितलं होतं, ती म्हणाली नो प्रॉब्लेम, नॅचरल आहे. घरी येऊन औषध सुरू केलं आणि तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यातून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी टेस्ट, आकडा जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका जास्त) एरवी अडीचच्या आसपास असतो, तो ६.२ आला. पाकिटावर सगळं चायनीज, ऑफिसमधल्या चायनीज येणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवले तेव्हा कळलं आत डानशेन आणि सान्ची या चिनी औषधी वनस्पती आहेत. डॉक्टरांनी डानशेन ऐकताच कपाळाला हात लावला. त्याने वॉरफरिनचा असर वाढतो हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवलंय. डानशेन तिकडे मोठ्या हॉस्पिटलमध्येही देतात, तेव्हा झाडपाल्यावर माझा राग नाही, पण चालू गोळ्या विचारात न घेता घाबरवून विकणं हे पाप आहे.

नंतर मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला, तो नॉर्मल. मेंदूला रक्त कमी जातंय का हे अशा टेस्टनेच कळतं, मनगट धरून नाही. टूरवाल्यांनी कमिशनसाठी ठरावीक दुकानात न्यायचं नाही असा चीनमध्ये ऑक्टोबर २०१३ पासून कायदा आहे, आम्हाला हे फार उशिरा कळलं. टूर कंपनीला लिहिलं तर म्हणे खरेदी ऐच्छिक होती.

आयटिनररीत फ्री मसाज किंवा फ्री चेकअप दिसला तर आधीच नको म्हणून कळवा. चालू गोळ्यांची यादी पासपोर्टसोबत ठेवा. आणि घरात कोणी वॉरफरिन घेत असेल आणि असं पाकीट आधीच सुरू केलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून आयएनआर करून घ्या, रक्त दिसायची वाट बघू नका.