मेमटेस्ट८६+ : रात्रभर जागवलं, पण चोर पकडून दिला

खानापुरात माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं काम चालतं. तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला आणि नेमका तेव्हाच पीसी रुसला. रेंडर (म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनणं) सत्तर टक्क्यांवर आला की निळी स्क्रीन, पीसी बंद! टॉवर काखोटीला मारून बसनं बेळगाव गाठलं. दुकानदारानं पाच मिनिटं चालवून निकाल दिला, "मदरबोर्ड गेलाय बघा." खर्च साडेसहा हजार. म्हटलं, थांबा की हो, आधी मीच बघतो. घरी येऊन एकेक भाग तपासणारे प्रोग्राम लावले, आणि चोर सापडला तो शेवटच्या, रॅम (मेमरी) तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ला.

सुरुवात ग्राफिक्स कार्ड तपासणाऱ्या फरमार्कपासून केली, कारण तो दिसायला भारी. पडद्यावर केसाळ मेदूवडा फिरतो आणि ग्राफिक्स कार्ड तापतं. अर्धा तास फिरला, कार्डाला काही झालं नाही, फक्त आमचा म्हातारा यूपीएस कोकलायला लागला.

मग प्राइम९५. हा मुळात प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या (दोनाच्या घातापेक्षा एकनं कमी असणाऱ्या) शोधायचा प्रोग्राम, पण पीसीवर ताण टाकून तपासायलाही चालतो. इंटेलनं २०१६ साली स्कायलेक प्रोसेसरमधला जो दोष मान्य केला, तो ह्याच्याच आकडेमोडीत उघडा पडला होता. उघडल्यावर 'जस्ट स्ट्रेस टेस्टिंग' दाबायचं, नाहीतर पीसी त्यांच्या शोधकामाला जुंपला जातो. त्यातली 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी प्रोसेसरला पिळून काढते. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून तापमान बघत बसलो. ८४ अंश, तासभर ठणठणीत. पण 'ब्लेंड' ही दुसरी चाचणी रॅमही वापरते, आणि तिथं अकराव्या मिनिटाला एक वर्कर (आकडेमोड करणारा एक धागा) बंद : राउंडिंग, म्हणजे उत्तरातली पूर्णांकापासूनची तफावत, ०.५ आलं, हवं होतं ०.४ पेक्षा कमी. म्हणजे पीसीची बेरीज चुकतेय!

विंडोजच्या स्वतःच्या मेमरी चाचणीनं मात्र 'सगळं ठीक' म्हणून सांगितलं. शेवटी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकला. फुकट आहे. नावात अधिकचं चिन्ह नसलेला दुसराच प्रोग्राम आहे, घोळ करू नका. पहिल्या फेरीत काही नाही. पहाटे तीनला, दुसऱ्या फेरीत, मेमटेस्टच्या निळ्या पडद्यावर चुकांच्या लाल ओळी. मग एकेक रॅम त्याच खाचेत घालून पुन्हा चाचणी. दोन्ही ८ जीबीच्या, एक स्वच्छ, दुसरीच्या तासाभरात सतरा चुका.

तक्रार एकच. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, आणि आमच्याकडं ती जातेच. मला दोन रात्री लागल्या.

मदरबोर्ड तोच आहे. रॅम वॉरंटीत पाठवलीय, सध्या ८ जीबीवर रडतखडत रेंडर चालतो. पण नंदगडच्या लग्नाचा व्हिडिओ काल शंभर टक्के झाला.