फ्रीकॅडवर पार्ट मॉडेलिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर, भोसरीहून

आधी निकाल सांगते, मग कारणं. पार्ट मॉडेलिंगचा, म्हणजे संगणकावर पार्टचं थ्रीडी मॉडेल काढण्याचा, पाया पक्का करायला फ्रीकॅड १.० हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फुकट आहे म्हणून चालवून घ्यावं अशातला हा प्रकार नाही. मात्र तेवढ्याच्या जोरावर चाकणच्या एखाद्या गाडी कंपनीच्या डिझाइन विभागात नोकरी लागेल, अशा भ्रमात राहू नये. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघते. व्हर्निअर, हाईट गेज, बोअर गेज आणि सरफेस प्लेट ही मोजमापाची साधनं हा माझा रोजचा संसार. ड्रॉइंग वाचण्यात हात बसलेला आहे, पण मॉडेल करणं हे ‘डिझाइनवाल्यांचं काम’ असं आमच्याकडे धरलेलंच होतं. तरी फिक्श्चर (मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून ठेवायची जोडणी), गेज, छोटे ब्रॅकेट आम्ही शॉपमध्येच बनवतो, आणि त्यांची ड्रॉइंगं म्हणजे ऑइलचे डाग पडलेले कागद. एक कागद हरवला की सगळे माझ्या टेबलाशी येतात. तेवढी गरज भागावी म्हणून शिकायला घेतलं, गुरुवारच्या सुट्टीला आणि रात्री जेवणं उरकल्यावर.

फ्रीकॅडच का, याचं कारण फक्त पैसा नाही. ब्राउझरमध्ये चालणारं ऑनशेप खरं तर वापरायला जास्त सोपं आहे, पण त्याच्या मोफत खात्यातली कागदपत्रं सगळ्या जगाला दिसतात. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग असं उघड्यावर ठेवायची सोय आमच्या धंद्यात नाही. फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या घरगुती वापराच्या मोफत परवान्यात एका वेळी दहाच फायली बदलता येतील अशा ठेवता येतात, आणि तो परवाना धंद्यासाठी नाहीच. फ्रीकॅडची फाइल आपल्या लॅपटॉपवर राहते, इंटरनेट लागत नाही आणि धंद्यासाठी वापरायलाही कुणाची ना नाही. प्रकल्प जुना आहे, २००२ पासूनचा. त्याला १.० हा आकडा मिळायला मात्र नोव्हेंबर २०२४ उजाडला. घरातल्या आठ जीबी रॅमच्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर छोट्या पार्टसाठी ते नीट चालतं.

पहिले काही दिवस मात्र वैताग होता. एक म्हणजे माउस. मूळ सेटिंगमध्ये पार्ट फिरवायला मधलं बटण लागतं, त्यामुळे नुसत्या टचपॅडवर बसलेला माणूस तासाभरात सोडून देईल. नेव्हिगेशनमध्ये ‘जेश्चर’ निवडलं की सुसह्य होतं. पण खरं सांगायचं तर चाक असलेला साधा माउस घ्या आणि मोकळे व्हा. दुसरं म्हणजे ‘वर्कबेंच’, कामाप्रमाणे वेगळे केलेले कमांडचे संच. एकाला ‘पार्ट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘पार्ट डिझाइन’. पहिल्यात ठोकळे, नळकांडी घ्यायची, जोडायची, एकातून दुसरं वजा करायचं. दुसऱ्यात आधी स्केच, मग त्याला जाडी देऊन पॅड, खाच हवी तर पॉकेट, गोल जॉब असेल तर रिव्हॉल्व्ह. नवशिक्याला दोन्हींतला फरक कोणी नीट सांगत नाही आणि तो दोन्हींची खिचडी करतो. शिकायचं असेल तर पार्ट डिझाइन आणि स्केचर, एवढ्या दोनच गोष्टी धरा. बाकीचं वर्षभर उघडलं नाही तरी अडत नाही.

आता मुख्य गोष्ट, स्केचर.

माझा भाचा डिप्लोमाला आहे आणि एका क्लासमध्ये कॅटिया हे मोठ्या कंपन्यांतलं मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर शिकतो. शेजारी बसून तो म्हणाला, “मावशी, आकार आला ना? मग मापं नंतर टाक, पुढं चल.” त्याच्या क्लासमध्ये सरावाची शीट संपवण्याची घाई असते, त्याचा दोष नाही. पण फ्रीकॅडमध्ये स्केच करताना बाजूला एक आकडा दिसत राहतो: अजून किती डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे न ठरवलेल्या मोकळ्या गोष्टी, शिल्लक आहेत. साधा आयत काढला की आडव्या-उभ्या रेषांची बंधनं आपोआप लागतात, तरी चार शिल्लक उरतात. लांबी, रुंदी आणि कागदावर तो आयत नेमका कुठे आहे याची दोन मापं. लांबी-रुंदी सगळे देतात. उरलेली दोन कोणी देत नाही, आणि गडबड तिथेच होते. समोरासमोरचे दोन कोपरे मूळबिंदूभोवती सिमेट्रिक केले की ती दोन्ही एका दमात जातात आणि सगळं स्केच हिरवं होतं.

तो हिरवा रंग दिसेपर्यंत पुढे जायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. सॉफ्टवेअर तशी सक्ती करत नाही, अर्धवट स्केचचंही पॅड करून देतं. पण नंतर एक माप बदललं की मोकळी राहिलेली रेघ कुठेही सरकते, आणि ते लक्षात येतं ते थेट जॉब कापल्यावर.

याच्यापुढची पायरी कुठल्याच ट्युटोरियलमध्ये मला धड सापडली नाही, आणि माझ्या कामामुळे ती मला पटकन दिसली. एका पट्टीवर दोन होल आहेत, काठापासून २० आणि ८० मिलिमीटरवर. स्केचमध्ये हे दोन तऱ्हांनी लिहिता येतं. दोन्ही मापं काठापासून द्यायची, किंवा पहिलं काठापासून २० आणि दुसरं पहिल्या होलपासून ६०. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण पहिलं माप २० चं २२ केलं की पहिल्या तऱ्हेत दुसरं होल जागचं हलत नाही आणि पिच, म्हणजे दोन होलमधलं अंतर, बिघडतो. दुसऱ्या तऱ्हेत पिच कायम राहून दोन्ही होल सोबत सरकतात. कुठलं बरोबर? ते त्या होलमध्ये काय बसणार आहे यावर ठरतं. समोरच्या पार्टचे दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) बसणार असतील तर पिच महत्त्वाचा. इन्स्पेक्शनमध्ये आम्ही हेच करतो: ड्रॉइंगवर डेटम, म्हणजे मापं जिथून धरायची ती बाजू, कुठला आहे ते बघायचं, जॉब त्या बाजूवर टेकवायचा आणि तिथून मोजायचं. पार्ट मॉडेलिंग म्हणजे आकार काढणं नाही, कुठलं माप कुणावर अवलंबून आहे हे आधी ठरवणं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कमांड शिकायला फार वेळ लागत नाही.

मी सरावासाठी ६२०४ बेअरिंगचं हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायचं घर, घेतलं. बेअरिंगचं बाहेरचं माप ४७, रुंदी १४, आतलं २०. म्हणजे ४७ चा बोअर (आतलं गोल भोक) १४ खोल, आणि बाहेरची रिंग टेकायला मागे ४१ चा आरपार बोअर. खाली बेस, त्यात दोन एम८ बोल्टची होल. मोह असा होतो की मूळबिंदू बोअरच्या मध्यावर घ्यावा, कारण तिथे वर्तुळ काढणं सोपं. मी बेसची खालची बाजू एक्सवाय प्लेनवर ठेवली, कारण सरफेस प्लेटवर जॉब तसाच बसतो आणि ड्रॉइंगवर सेंटर हाईट तिथूनच दिलेली असते. बोअरचं केंद्र त्या तळापासून ४० वर. पुढे ४० चं ४५ करून पाहिलं. बोअर, मागचा शोल्डर (रिंग टेकायची पायरी), वरची गोलाई सगळं पाच मिलिमीटर वर गेलं, बेस आणि बोल्टची होल तळाशी तशीच. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत कुठल्या आकड्याने दिलं नव्हतं.

होल टूलबद्दल चांगलंच लिहायला हवं. स्केचमध्ये वर्तुळ काढायचं, पण टूल त्याचं फक्त केंद्र घेतं, व्यास नाही. हे माहीत नसेल तर माणूस डोकं खाजवत बसतो. मग आयएसओ मेट्रिक, एम८ निवडलं की क्लिअरन्स होलला (बोल्ट मोकळा जाण्यासाठी) ९ आणि टॅपिंगला (आटे पाडण्यासाठी) ६.८ हे आकडे ते स्वतः भरतं. काउंटरबोअर, काउंटरसिंक त्याच खिडकीत. आटे खरोखर कोरून दाखवायचा पर्यायही आहे, पण तो लावला की माझा लॅपटॉप धापा टाकतो, आणि ड्रॉइंगला त्याची गरजही नसते. फ्लँजवर पीसीडी, म्हणजे एका वर्तुळावर मांडलेली होल, असेल तर एकच होल करा आणि पोलर पॅटर्न लावा. चार वेगळी वर्तुळं काढत बसलेला भाचा मी पाहिलाय.

आता तक्रारी.

पहिली आणि जगजाहीर म्हणजे टोपोलॉजिकल नेमिंगची. सॉफ्टवेअर पार्टच्या प्रत्येक पृष्ठाला आणि कडेला आतल्या आत क्रमांकाचं नाव देतं. तुम्ही मागे जाऊन एखादी खाच वाढवली की क्रमांक बदलायचे, आणि ‘सहाव्या’ पृष्ठावर चिकटवलेलं स्केच भलत्याच बाजूला जाऊन बसायचं. जुन्या आवृत्त्यांत यामुळे लोक अक्षरशः रडकुंडीला येत. १.० मध्ये हे बरंच आवरलंय, पण पूर्ण गेलेलं नाही. उपाय जुनाच आहे: स्केच शक्यतो पार्टच्या पृष्ठावर न चिकटवता मूळ प्लेनवर किंवा डेटम प्लेनवर घ्या आणि लागेल तेवढं अंतर द्या. थोडं जास्त काम पडतं, पण मॉडेल टिकतं.

दुसरी तक्रार फिलेटची, म्हणजे कडा गोल करण्याची. आतला भूमितीचा गाभा ओपन कॅस्केड आहे, आणि फिलेटच्या बाबतीत तो हळवा आहे. भिंत ५ ची आणि त्रिज्याही नेमकी ५, म्हणजे पृष्ठ पूर्णच संपणार, अशा ठिकाणी तो अनेकदा हात वर करतो. ४.९ दिलं की निमूट करतो. तीन कडा एका कोपऱ्यात वेगवेगळ्या त्रिज्यांनी आल्या तरी कुरकुर. म्हणून फिलेट आणि चॅम्फर (तिरप्या कापलेल्या कडा) सगळ्यात शेवटी लावायचे, हा धडा इथे सक्तीने मिळतो. तसा तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये योग्यच आहे. पण कास्टिंगचा पार्ट करायचा असेल, जिथे सगळीकडे ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठी दिलेला उतार) आणि गोलाया असतात, तर संयम बाळगा किंवा दुसरं काही बघा.

एरर संदेशांची भाषा कोणाला उद्देशून लिहिली आहे कळत नाही. डावीकडच्या झाडात लाल खूण दिसते, का ते नीट समजत नाही. ऑटो-सेव्हची मुदत कमी करून ठेवा आणि स्वतःही सेव्ह करत राहा.

स्प्रेडशीट ही मला सगळ्यात उपयोगी पडलेली सोय, आणि सुरुवातीच्या धड्यांत ती हमखास वगळलेली असते. खान्याला टोपणनाव द्यायचं, स्केचमधल्या मापाच्या चौकटीत बरोबरची खूण टाकून ते नाव लिहायचं. आमच्याकडे एकाच घराण्यातले बुश सतत येतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, लांबी, कॉलर. आता एकच मॉडेल आहे आणि चार खाने. शेठना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, हे टर्नरला नका दाखवू, तो म्हणेल जॉबपण यानेच काढा.”

ड्रॉइंगसाठी टेकड्रॉ आहे, कामचलाऊपेक्षा बरं. आपल्याकडे फर्स्ट अँगल (ड्रॉइंगवर व्ह्यू मांडायची एक पद्धत) चालतो, तेव्हा प्रेफरन्समध्ये तो आहे ना हे एकदा बघून घ्या. टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, इथेच टाकायचा. मॉडेल नेहमी नॉमिनल, म्हणजे नेमक्या मूळ मापाचं, असतं. ४७ एच७ म्हणजे शून्य ते अधिक पंचवीस मायक्रॉन, हे सांगण्याचं काम ड्रॉइंगचं. सीएनसी प्रोग्रामरला फाइल देताना स्टेप स्वरूपात द्या, त्याच्या कॅममध्ये (मशीनचा प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडते. फक्त लक्षात ठेवा, स्टेपमध्ये आकार जातो; तुमची स्केचं आणि पायऱ्यांचं झाड जात नाही. मूळ फाइल जपून ठेवायची ती यासाठी.

राहिला नोकरीचा प्रश्न. कॅटिया आणि सॉलिडवर्क्सवाली दासो, क्रिओवाली पीटीसी, एनएक्सवाली सीमेन्स, तिघींचीही पुण्यात ऑफिसं आहेत, आणि इथल्या जाहिरातींत नावंही त्यांचीच असतात. गिऱ्हाईक ज्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा देतं त्यातच सप्लायरने काम करायचं, हा साधा हिशोब आहे. फ्रीकॅडचं नाव जाहिरातीत मी अजून पाहिलेलं नाही. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअरने जी रीत रुळवली, बंधनं घातलेलं स्केच, त्यावर एकेक फीचर, आणि मागे जाऊन माप बदलायची मुभा, तीच या सगळ्यांत आहे. बटणांच्या जागा बदलतात. भाच्याने घरी फ्रीकॅडमध्ये हाउसिंग केलं आणि पुढच्या आठवड्यात क्लासमधल्या कॅटियात तेच पुन्हा केलं. अडला तो फक्त आयकॉन शोधण्यात. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी दोन-तीन महिने घरी यावर घासावं, असं मी डिप्लोमाच्या मुलांना सांगेन. ज्यांना सरफेसिंग किंवा प्लास्टिक मोल्डचे पार्ट करायचे आहेत त्यांनी थेट दुसरीकडे जावं.

१.० मध्ये असेंब्लीचं वर्कबेंच सोबतच आलंय. त्याला मी अजून हात लावलेला नाही. आधी शॉपमधल्या फिक्श्चरचे सुटे पार्ट मॉडेल करून संपायचेत, आणि क्लॅम्पचे कागद अजून ड्रॉवरमध्येच पडलेत.