सेकंडहँड स्क्रॅम ४११ : काही महिन्यांच्या वापरानंतर

रॉयल एन्फिल्डची स्क्रॅम ४११ सेकंडहँड घ्यायची असेल, तर मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच), स्पोक आणि चेन यांच्या तपासणीवर अधिक वेळ घालवावा, हे माझे मत काही महिन्यांच्या वापराने पक्के झाले आहे. ही गाडी रॉयल एन्फिल्डच्याच, खडतर रस्त्यांसाठीच्या मूळ हिमालयनवरून बेतलेली असल्यामुळे आधीच्या मालकाने ती शहरापुरती वापरली की दगडधोंड्यांतून दामटली, हे मीटर सांगत नाही.

गाडी पाहताना मी पुढचे चाक उचलून धरायला लावले आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. नेमके मध्यावर ते किंचित अडकले, म्हणजे वापराने बेअरिंगच्या वाटीत खाच पडली होती. नव्या कोनसेटचा आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहार ठरला. नंतर एकेक स्पोक पान्याने वाजवून पाहिला. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चकतीवरची, चेन बोटांनी बाहेर ओढल्यावर दात उघडे पडले, तर चेनसेट बदलायला आला असे समजावे.

मालकी नावावर करण्याचे फॉर्म २९ व ३०, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि थकीत ई-चलने एवढे पाहून घेतले, आणि विमा १४ दिवसांच्या आत नावावर करून घेतला.

या गाडीचे खरे मोल भोरहून वरंध घाटाकडे जाताना कळते. २४.३ बीएचपी हा ताकदीचा आकडा ४११ सीसीच्या मानाने कमी वाटतो. परंतु ३२ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४००० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान, इंजिन फार न फिरवताच मिळत असल्यामुळे, मागे माणूस बसलेला असतानाही उखडलेल्या चढावर सारखा गिअर उतरवावा लागत नाही. पुढच्या सस्पेन्शनला १९० मिलिमीटरची चाल असल्याने पावसाने पडलेले खड्डे मनगटांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि सीटची उंची ७९५ मिलिमीटरच असल्याने निसरड्या जागी पाय टेकण्याचा मोठा आधार वाटतो. महामार्गावर मात्र ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगातच हे इंजिन सुखाने चालते. त्याहून अधिक वेगाची हौस असणाऱ्याने दुसरी गाडी पाहावी.

स्पोकच्या चाकांत ट्यूब असल्यामुळे पंक्चर काढायला चाक खोलावे लागते आणि १८५ किलोंची गाडी ढकलत नेणे सोपे नाही. पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १७ इंची आहे. घाटातल्या पंक्चरवाल्याकडे १९ इंची ट्यूब मिळेलच असे नाही, म्हणून दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप मी कायम सोबत ठेवतो.