आत्याच्या अंगठ्याची शाई

गेलं वर्षभर हे लिहायचं टाळत होते. लाज वाटत होती. ज्या कागदाच्या जोरावर माझ्या चुलत भावानं आमच्या आत्याला लुबाडलं, त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पण परवा ओळखीच्या एका बाईंनी सहज विचारलं, "सासूबाईंच्या भाच्याला पालक म्हणून नोटरी करून देतोय, काही अडचण नाही ना?" माझ्या पोटात गोळाच आला.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २००३ साली निवृत्त झाली. मूलबाळ नाही, यजमान २०१७ ला गेले. तालुक्याच्या गावात तिचं तीन खोल्यांचं घर, मागं परसू, २८,६०० रुपये पेन्शन, ९,५०,००० च्या एफडी आणि नऊ तोळे सोनं. २०२१ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. हात थरथरायला लागला, पुढं पुढं विसरायलाही लागली.

मी ठाण्यात. मार्च २०२२ मध्ये माझ्या नवऱ्याची बायपास झाली, मुलीची बारावी डोक्यावर होती, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. "तू का नाही घेऊन गेलीस" असं आता सगळेच विचारतात, पोलिसांनीही विचारलं. मी दोनदा न्यायला गेले होते. आत्याच म्हणाली, "बाळ, या घराबाहेर मला झोप लागत नाही गं." मग हा चुलत भाऊ पुढं आला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान बसलेलं, हातात काम नाही. "ताई, आत्या म्हणजे माझी आईच की. आम्ही दोघं इथंच राहायला येतो. तू फक्त रात्रीच्या बाईचे पैसे पाठव." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जून २०२२ मध्ये तहसीलसमोरच्या टपरीत १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर "पालकत्वाचं संमतीपत्र" टाइप झालं. टाइप, स्टॅम्प आणि नोटरी मिळून ९०० रुपये झाले, तेही मीच दिले. खाली माझी सही. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही, हे मला अडीच वर्षांनी कळलं. सज्ञान माणसाला पालक नेमून द्यायचा अधिकार नोटरीला नाहीच. माणसाची समज गेली असेल तर त्यासाठी कोर्टात जावं लागतं, उच्च न्यायालयं राज्यघटनेच्या कलम २२६ खाली असे पालक नेमतात. मुखत्यारपत्र केलं असेल तर तेसुद्धा करून देणाऱ्याची समज गेली की संपतं. पण बँकेत, दवाखान्यात, गॅस एजन्सीत सगळीकडं तो कागद चालला. गोल शिक्का दिसला की कोणी वाचत नाही.

पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. सुरुवातीला सगळं गोड. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल, आत्याला धुतलेलं पातळ, केस विंचरलेले, शेजारी हा बसलेला. "बरं आहे ना आत्या?" विचारलं की त्याच्याकडं बघून म्हणायची, "बरं आहे." अडीच वर्षांत एकदाही ती माझ्याशी एकटी बोलली नाही आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. तुमचं माणूस कोणाच्या सांभाळात असेल तर आज फोन करा आणि त्याला म्हणा, जरा दहा मिनिटं बाहेर जा. तो गेला नाही तर उद्याची गाडी पकडा.

आता वसुबारसेचं सांगते, कारण ते मला अजून झोपू देत नाही. ९ नोव्हेंबर २०२३. मी फराळाचे डबे घेऊन गेले. आत्या ओसरीवर बसली होती. मी तिच्या हातात चकली ठेवली आणि तिचा डावा अंगठा दिसला. निळी-जांभळी शाई. नखाच्या कडेला, चिरांत, पेरापर्यंत मुरलेली. घासून घासून धुतल्यासारखी, तरी न गेलेली. मी विचारलं, "हे काय गं?" आत्या अंगठ्याकडं बघत राहिली. आतून तो म्हणाला, "काल आधार अपडेटला नेलं होतं ताई."

आधारच्या मशीनला शाई नसते. काचेवर बोट ठेवतात. मी स्वतः दोनदा केलंय, मुलीचं केलंय. मला माहीत होतं! आणि बाई होती ती, शिक्षिका. आयुष्यात तिनं कुठं अंगठा लावला नव्हता. पेन्शनच्या कागदावर सही करताना थरथरत्या मनगटाला डाव्या हातानं धरून सही करायची. तिच्या अंगठ्याला शाई कशी, एवढा एक प्रश्न मी पुढं रेटायला हवा होता. मी रुमाल ओला करून तिचा अंगठा पुसत बसले. स्वतःच्या हातानं पुरावा पुसला. तेवढ्यात भावजयीनं चहा आणला आणि विषय संपला.

आदल्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, दुय्यम निबंधकाकडं बक्षीसपत्र नोंदवलं गेलं होतं. घर त्याच्या नावावर, "प्रेम व आपुलकीपोटी". मुद्रांकाचे आणि नोंदणीचे पैसेसुद्धा ६ तारखेला आत्याच्याच खात्यातून गेलेले.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबर २०२४ ला, शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुझी आत्या मागच्या खोलीत आहे, बाहेरून कडी असते. दोन दिवस कण्हण्याचा आवाज येतोय." मी रात्रीच निघाले. पोचले तेव्हा कडीला सुतळी बांधलेली होती. आत्याचं वजन ३४ किलो भरलं. कमरेवर तळहाताएवढी जखम, अंथरुणाला चिकटलेली. रात्रीची बाई कधी नव्हतीच. मला जिचा फोटो पाठवला होता, ती त्याची सासू.

हिशोब असा. बाईचे म्हणून मी पाठवलेले महिना ९,००० प्रमाणे २९ महिन्यांचे २,६१,०००. आत्याच्या एटीएममधून काढलेले ७,१२,५००. तीन एफडी, ४,००,००० आणि ३,००,००० आणि २,५०,०००, फेब्रुवारी २०२४ मध्ये मुदतीआधी मोडून त्याच्या खात्यात वळवलेल्या. चार पाटल्या आणि मोहनमाळ गायब. आणि घर.

एफडी अंगठ्यावर मोडल्या. आत्या बँकेत आली नव्हती, "आजारी आहे" म्हणून कागद घरी पाठवला. आजारी खातेदाराचा अंगठा घेताना दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. इथं साक्षीदार दोन, तो स्वतः आणि त्याचा मेहुणा. मी हे दाखवल्यावर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ते फॅमिली मेंबर आहेत, आणि तुमच्याच सहीचा पालकत्वाचा कागद आहे." बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तोंडी भांडण्यात मी दीड महिना घालवला.

पोलीस ठाण्यात मी १८ तारखेलाच गेले. पहिला प्रश्न, "तुम्ही मुलगी का?" नाही, भाची. "मग तुमचा काय संबंध?" दुसऱ्या दिवशी, "घरगुती मामला आहे, बसून मिटवा." तिसऱ्या दिवशी, "बक्षीसपत्र म्हणजे दिवाणी बाब, कोर्टात जा." मग, "साहेब निवडणुकीच्या बंदोबस्तात आहेत." पैसे घेतले जुलै २०२४ च्या आधी म्हणून जुनं दंडविधान, उपाशी कोंडून ठेवलं नंतर म्हणून नवी न्याय संहिता, या घोळावर दोन हवालदार अर्धा तास बोलत बसले आणि अर्ज टेबलावरच राहिला. पोच मागितली तर म्हणाले, विश्वास नाही का? नाही, मला विश्वास नाही! दवाखान्यात एक बाई पाठीवर झोपू शकत नाही आणि तिच्या अर्जावर शिक्का मारायला तुम्हाला चोवीस दिवस लागतात. ११ नोव्हेंबरला मी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ती वाट आहे, तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. हे मला एकाही खाकीवाल्यानं सांगितलं नाही. गुन्हा नोंद झाला २७ जानेवारी २०२५ ला. तोवर पाटल्या वितळल्या असणार.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, हेच त्याचं न्यायाधिकरण. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारस नातेवाइकाकडं आहे, त्याच्यावरही सांभाळायची जबाबदारी येते, त्यामुळं भाचा सुटत नाही. ज्येष्ठ स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या वतीनं दुसऱ्याला अर्ज करता येतो. मी २५ नोव्हेंबरला केला. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल, फार तर तीस दिवस वाढवून, असं कायदा म्हणतो. पण नोटीसच फेब्रुवारीत बजावली गेली. मग साहेबांची बैठक, मग मंत्र्यांचा दौरा, मग साहेबांची बदली, मग नवीन साहेबांना फाइल वाचायची होती. ठाण्याहून अकरा खेटे. दर खेपेला एक दिवसाची रजा आणि आत्याजवळ ठेवलेल्या नर्सचे १,२०० रुपये. खिडकीवरच्या लिपिकाला मी नाव सांगायचे तर तो न बघता म्हणायचा, "पुढची तारीख घ्या."

१२ ऑगस्ट २०२५ ला आदेश झाला. दरमहा ८,००० निर्वाह. कायद्यातली मर्यादाच १०,००० ची आहे, ती वाढवायचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, मंजूर झालं नाही. आणि घर? बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहिलेली नाही, म्हणून रद्द होत नाही. याच कायद्याच्या कलम २३ वर सगळं अडलं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं झाला असं धरून रद्द करता येतो. अट दाखवावी लागते असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं, भावाच्या वकिलानं तेच वाचून दाखवलं. २ जानेवारी २०२५ ला त्याच न्यायालयानं आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावा असं सांगितलं. तो निकाल मी छापून नेला होता. तो पूर्ण वाचलाही गेला नाही. पण त्या प्रकरणात सांभाळाचं वचन कागदावर होतं, आत्याकडं तसं काही नाही, हेही खरं.

म्हणून घरात कोणी बक्षीसपत्र करत असेल, पोटच्या पोराला का असेना, तर "आमरण सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याचा हक्क" ही अट शब्दांत लिहून घ्या. मुलाला वाईट वाटलं तर वाटू दे. ज्यांचं आधीच झालंय त्यांनी दिवाणी दावा लावायचा तर कळल्यापासून तीन वर्षांत लावावा. निर्वाहाचा हप्ता थकला की तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्या, नंतर वॉरंट निघत नाही. आम्हाला आजवर एकच हप्ता मिळालाय. मिळकत पत्रिका आणि सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) दर सहा महिन्यांनी स्वतः ऑनलाइन बघा. फेरफाराची नोटीस त्याच घरी जाते, सांभाळणाराच ती घेतो. एफडीचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येऊ द्या. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथल्या मुलीनं निदान नीट ऐकून घेतलं आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. फक्त त्याच्यावर विसंबू नका, विश्वासघाताची आणि फसवणुकीची कलमं लावायचा आग्रह धरा.

अपिलाला आदेशापासून साठ दिवस असतात. १९ सप्टेंबरला आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील केलं. आत्या आता माझ्याकडं आहे, चार माणसांनी खुर्चीवरून तिसऱ्या मजल्यावर चढवली. जखम अजून भरलेली नाही, रोज ड्रेसिंग असतं. अपिलाच्या कागदावर "अंगठा चालेल" म्हणून टायपिस्टनं शाईचं पॅड पुढं केलं. आत्यानं हात मागं घेतला आणि पेन मागितलं. सही व्हायला बराच वेळ लागला, दोन अक्षरं रेघेबाहेर गेली.

पुढची तारीख १८ डिसेंबर आहे. बक्षीसपत्रात अट लिहिलेली नसतानाही महाराष्ट्रातल्या एखाद्या न्यायाधिकरणानं ते रद्द केलं असेल आणि तो आदेश तुमच्याकडं असेल, तर कृपा करून त्याची प्रत मला त्याआधी पाठवा.